गणपतीपुळ्यातलं ऑरा स्कॅनिंग: 5 पैकी 2 तारे, तेही छपाईला

देवळाकडून किनाऱ्यावर उतरताना लागणाऱ्या या दुकानात दोन प्रकार आहेत: संगणकावरचा ऑरा (म्हणजे शरीराभोवती असतं म्हणतात ते तेजोवलय) फोटो आणि सळ्यांचा ‘युनिव्हर्सल स्कॅनर’. पैसे वेगवेगळे; ‘चक्रशुद्धी’च्या स्फटिकांचे त्याहून वेगळे.

फोटोसाठी दोन्ही तळवे धातूचे ठिपके असलेल्या पट्ट्यांवर ठेवायचे. वेबकॅम चेहरा टिपतो आणि पडद्यावर डोक्याभोवती रंगांचे ढग उमटतात. हे रंग कॅमेऱ्याला दिसलेले नसतात. ठिपके त्वचेचा विद्युतरोध मोजतात आणि सॉफ्टवेअर त्या आकड्याला आधीच ठरलेला रंग लावतं. घाम आला की रोध उतरतो, तळवा दाबला तरी उतरतो. इथलं गिऱ्हाईक तर समुद्रातून थेट खुर्चीत येतं. हातावर वाळलेलं मीठ मे महिन्याच्या दमट हवेतलं पाणी ओढून घेतं, मग आकडे कसले स्थिर राहतात! एक फोटो तसाच काढा. मग गोड्या पाण्याने हात धुवा, पुसा, पंख्याखाली दहा मिनिटं बसा आणि दुसरा काढा. दोन्ही प्रती शेजारी ठेवून बघा. दुसऱ्या फोटोचे पैसे लागतील का, ते आधीच विचारून घ्या.

भिंतीवर ऑराचा पुरावा म्हणून किर्लियन छायाचित्रांचं (बोटांभोवती झळाळी दिसणाऱ्या फोटोंचं) पोस्टर आहे. सेम्यॉन किर्लियन या सोव्हिएत तंत्रज्ञाला 1939 मध्ये दिसली ती उच्च दाबाच्या विजेने हवेत होणारी कोरोना डिस्चार्जची झळाळी. ती नाण्याभोवतीही येते. बोटांच्या प्रतिमांतला फरक मुख्यतः ओलाव्यामुळे पडतो, हे ‘सायन्स’ या विज्ञान नियतकालिकात 1976 सालीच छापून आलंय. आणि दुकानातलं यंत्र त्या जातीचं नाहीच. पोस्टर नुसतं वजन पाडायला.

स्कॅनरवाला सळ्या धरून मागे सरकतो, त्या फाकल्या की टेपने अंतर मोजून ‘ऑरा 2.5 मीटर’ लिहितो. मनगट किंचित कललं तरी सळी फिरते आणि धरणाऱ्याला पत्ता नसतो. अशा नकळत हालचालींचं वर्णन विल्यम कार्पेंटर या इंग्रज शरीरक्रियाशास्त्रज्ञाने 1852 मध्येच केलं होतं. परीक्षा सोपी आहे: पडद्याआड माणूस उभा करायचा की नाही ते दर वेळी नाणं उडवून ठरवा, नाणं उडवणाऱ्यालाही स्कॅनरवाल्याच्या नजरेआड, पण पडद्यापासून दूर ठेवा, आणि 20 वेळा विचारा. नुसत्या अंदाजाने दहाच्या आसपास जमतात. 15 किंवा जास्त बरोबर आले, तर स्फटिकांच्या भावाचं पुढे बोलू.