डॉट कॉम डोमेन, वर्षभराच्या वापरानंतर: ट्रिपल डब्ल्यू न लावता साईट उघडते का, ते आधी बघा

रिन्यूअलचं बिल आलं आणि मी डोमेन, म्हणजे साईटचं विकत घेतलेलं नाव, दुसरीकडे हलवलं. पहिल्या वर्षी दोनशेच्या आत मिळालेलं डॉट कॉम दुसऱ्या वर्षाला चौदाशेच्या वर, त्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा. पण पैसे हे निमित्त झालं. खरं कारण दुसरंच आहे आणि ते कुठल्या जाहिरातीत लिहिलेलं नसतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमचं पॅटर्न शॉप आहे. फाउंड्रीवाल्यांना लाकडी आणि ॲल्युमिनियमचे पॅटर्न, कोअर बॉक्स, म्हणजे ओतकामाचे साचे ज्यावरून होतात ते नमुने, करून देतो. साईट ब्लॉगरवर, म्हणजे गुगलच्या ब्लॉग सेवेवर, केलेल्या कामांचे फोटो टाकून बरीच वर्षं चाललेली, फुकट. पण शिरोली-कागलच्या कंपन्यांचे व्हेंडर फॉर्म भरताना ब्लॉगस्पॉटचा (ब्लॉगरवर फुकट मिळतो तो) पत्ता लिहिला की हटकून प्रश्न यायचा, "स्वतःची वेबसाईट नाही का?" म्हणून नाव घेतलं. साईट तीच ठेवायची, नाव फक्त तिच्याकडे वळवायचं. डोमेनबरोबर होस्टिंग (साईट ठेवायची भाड्याची जागा) घ्यायलाच लागतं असं कुणी गळ्यात मारत असेल तर ऐकू नका. ब्लॉगर स्वतःचं डोमेन जोडायला एक रुपया घेत नाही, एचटीटीपीएस, म्हणजे सुरक्षित जोडणीही फुकट देतं.

जोडणी भाच्यानं केली. ट्रिपल डब्ल्यूसाठी एक सीनेम रेकॉर्ड (एका नावाला दुसऱ्या नावाकडे वळवणारी नोंद), तो जीएचएस डॉट गुगल डॉट कॉमकडे. मालकी पटवायला गुगल देतं तो दुसरा सीनेम. नुसत्या नावाला, म्हणजे पुढे ट्रिपल डब्ल्यू नसलेल्याला, सीनेम चालत नाही, म्हणून तिथे चार ए रेकॉर्ड (नावाला सर्व्हरच्या आकडी पत्त्याशी जोडणारी नोंद): २१६.२३९.३२.२१ आणि त्यातल्या ३२ च्या जागी ३४, ३६, ३८ घालून बाकीचे तीन. मग ब्लॉगरच्या सेटिंगमध्ये रिडायरेक्ट डोमेन चालू, म्हणजे नुसतं नाव टाकलं तरी ट्रिपल डब्ल्यूवर जातं. झालं. त्या दिवशी मी विक्रेत्याला पाचपैकी पाच स्टार दिले असते.

सगळ्यात आनंद झाला तो वेगळ्याच गोष्टीचा. आमच्या व्हिजिटिंग कार्डावर आणि चलन बुकावर जुन्या ब्लॉगस्पॉट पत्त्याचा क्यूआर छापलेला आहे, गठ्ठेच्या गठ्ठे. ते सगळं रद्दीत जाणार असं मी धरूनच चाललो होतो. पण डोमेन जोडल्यावर जुना पत्ता आपोआप नव्या नावावर जातो, आतल्या एकेका पानासकट. जुना क्यूआर मारला तरी नवं नाव उघडतं. लई भारी सोय आहे आणि तिच्याबद्दल कुणी बोलतच नाही.

आता मूळ दुखणं. शिरोली एमआयडीसीत एका कंपनीत पर्चेसच्या साहेबांनी माझ्यासमोर आमचं नाव टाईप केलं, ट्रिपल डब्ल्यू न लावता. हल्ली लावतं कोण? स्क्रीनवर विक्रेत्याचं पार्किंग पान (साईट नसलेल्या नावावर तो दाखवतो ते) आलं, "हे डोमेन नुकतंच नोंदवलं आहे", आणि खाली कास्टिंगवाल्यांच्या जाहिराती. साहेब म्हणाले, "अहो, तुमची साईट बंद आहे की." मी तिथल्या तिथे माझ्या फोनवर उघडून दाखवली, तर व्यवस्थित चालू. त्यांच्या कॉम्प्युटरवर मात्र तेच पान.

शॉपवर आल्यावर भाच्यानं एनएसलुकअप (नावाचे पत्ते दाखवणारी कमांड) मारलं आणि म्हणाला, "मामा, चार पत्ते पाहिजेत, पाच येतायत." पाचवा पत्ता विक्रेत्याच्या पार्किंग सर्व्हरचा होता. एका नावाला पाच ए रेकॉर्ड असले की सर्व्हर ते क्रम फिरवत देतो आणि ब्राउझर बहुधा त्यातला पहिला धरतो. म्हणजे साधारण पाचातल्या एका माणसाला आमच्या कामाऐवजी जाहिराती दिसणार, आणि ज्याला दिसल्या तो काही फोन करून सांगत नाही. घरच्या फोनवर साईट चालू दिसते, म्हणून आपल्यालाही पत्ता लागत नाही. हा दोष जीवघेणा का, ते यात आलं.

कस्टमर केअरचं एकच पालुपद: "४८ तास थांबा सर, प्रॉपगेशन चालू आहे." म्हणजे बदल सगळीकडे पोचतोय. ४८ तासांची भाषा नेमसर्व्हर, म्हणजे हे रेकॉर्ड सांभाळणारा सर्व्हर, बदलताना करतात. आम्ही नेमसर्व्हरला हातही लावला नव्हता. आमच्या रेकॉर्डचा टीटीएल (जुनी नोंद किती वेळ धरून ठेवायची ती मुदत) ३६०० सेकंद, म्हणजे एक तास, आणि जोडणी होऊन महिने झालेले. त्या पाचव्या रेकॉर्डपुढे डिलीटचं बटणच नव्हतं. शेवटी फॉरवर्डिंगच्या वेगळ्याच पानावर, तळाला, पार्किंग चालू असल्याची खूण सापडली. ती काढली आणि पाचवा पत्ता गेला. रिन्यूअलचे मेल सुरू झाले त्या सुमारास तो परत आला. तिथे माझा निर्णय झाला.

आधी मी शेजारच्या शॉपवाल्यांना सांगायचो, डोमेन जिथे स्वस्त तिथे घ्या, नाव ते नावच. आता तसं सांगत नाही. डॉट कॉमची रजिस्ट्री, म्हणजे सगळ्या डॉट कॉम नावांची मूळ नोंदवही, व्हेरिसाईन चालवते आणि १ सप्टेंबर २०२४ पासून तिचा घाऊक दर वर्षाला १०.२६ डॉलर झाला. दोनशे रुपयांत विकणारा पहिल्या वर्षी पदरचे घालतो आणि ते रिन्यूअलला, नाहीतर पार्किंगच्या जाहिरातींतून, वसूल करतो. मी क्लाउडफ्लेअर या दुसऱ्या विक्रेत्याकडे गेलो, तिथे घाऊक दरानंच मिळतं. दोन अटी आहेत: नेमसर्व्हर त्यांचेच वापरावे लागतात आणि पैसे डॉलरमध्ये, म्हणजे कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू पाहिजेत.

हलवणं सोपं आहे. घेतल्यापासून ६० दिवस झालेले असले पाहिजेत, मग डोमेनचं लॉक काढायचं, ऑथ कोड (नाव दुसरीकडे न्यायचा पासवर्ड) घ्यायचा. जुन्या विक्रेत्यानं स्वतःहून सोडलं नाही तरी पाच दिवसांत सुटतं. भरलेले पैसे बुडत नाहीत, उरलेल्या मुदतीत एक वर्ष वाढतं. रेकॉर्डचे फोटो आधी काढून ठेवा. क्लाउडफ्लेअरमध्ये ब्लॉगरच्या रेकॉर्डपुढचा ढग नारंगी असेल (म्हणजे येणारा माणूस त्यांच्या सर्व्हरमधून फिरून जातो) तर राखाडी करा, नाहीतर एचटीटीपीएसचं सर्टिफिकेट अडकू शकतं. आता चारच पत्ते येतात, मी अधूनमधून तपासतो.

एक गोष्ट सगळ्यांनी आजच बघा: डोमेन कुणाच्या खात्यावर आहे. वेबसाईट करून देणाऱ्याच्या खात्यावर असेल तर ऑथ कोडही त्याच्याच हातात राहतो. खात्याला ईमेल साधा जीमेलचा द्या, त्याच डोमेनवरचा नको. डोमेन बंद पडलं तर रिन्यूअलचा मेलही तुमच्यापर्यंत पोचणार नाही.