खडा डॉपवर कशानं चिकटवायचा: लाखेचं मेण, सुपरग्लू की एपॉक्सी?

फॅसेटिंग मशीन (खड्याला पैलू पाडायचं यंत्र) आली, लॅप (ज्यावर खडा घासतात त्या फिरत्या चकत्या) आले, आणि आता खडा डॉपवर, म्हणजे तो धरायच्या छोट्या दांड्यावर, चिकटवायचा कशानं यावर गाडी अडलीये, असे गेल्या महिन्याभरात दोघंतिघं घरी येऊन गेले, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. मी साताऱ्यात घरच्याघरी खडे कापतो, जास्त करून अ‍ॅमेथिस्ट, सिट्रीन, स्मोकी, म्हणजे सगळं क्वार्ट्झच. प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच, सगळ्यात पक्कं काय धरतं? माझं म्हणणं, नीट लावलं तर तिन्ही पुरेसं धरतात, बघायचं ते सुटतं कसं. कारण खडा एकदा चिकटवून भागत नाही. खालची बाजू म्हणजे पॅव्हेलियन झालं की ट्रान्सफर जिगमध्ये दोन डॉप समोरासमोर लावून खडा दुसऱ्या डॉपवर घ्यायचा असतो, आणि तेव्हा नवा जोड जराही न हलवता जुना जोड सोडवायचा असतो. खडे बिघडतात ते बहुतेक इथंच.

आधी मेण. डॉप वॅक्स म्हणजे मुळात चपडाच, लाखेतला, त्यात थोडा भराव वगैरे. मोती चौकात जडावाचं काम करणारे एक काका आहेत, ते दागिना लाखेत रोवून धरतात, त्यांना मी माझी कांडी दाखवली तर वास घेऊनच म्हणाले, "अरे ही तर आपलीच लाख की." साधारण 70 ते 80 अंशाला हे मऊ पडतं. स्पिरिटच्या दिव्यावर डॉप तापवायचा, खडा वेगळा पत्र्यावर ठेवून हळूहळू गरम करायचा, आणि खड्यावर मेणाचा एक कण ठेवायचा, तो विरघळला की खडा तयार. हा खडा तापवायचा भागच लोक उरकतात. खडा गार असला तर मेण वरून मस्त चिकटल्यासारखं दिसतं पण नीट बघा, त्याची कड खड्यावर पसरलेली नसते, अळूच्या पानावरच्या थेंबासारखी गोल उभी असते. तो जोड खोटा.

गेल्या जुलैत माझ्याकडून हेच झालं. सगळीकडे ओल, खड्यावरसुद्धा बारीक दमट थर असणार, आणि मी तो नीट तापवला नाही. 11 मिलिमीटरचा अ‍ॅमेथिस्ट होता, चांगला गडद. तो उडाला नाही, उडाला असता तर परवडलं असतं, तो डॉपवर किंचित फिरला आणि मला कळलंच नाही, पुढची ओळ कापायला घेतली तर पैलूंची टोकं एकमेकांना भेटेनात. पुन्हा सगळं पॅव्हेलियन कापलं, खडा साडेनऊवर आला.

तरी नवीन माणसाला मी मेणच सांगतो, कारण चूक दुरुस्त करता येते. खडा मधोमध बसला नाही तर परत गरम करा, सरकवा. काढायचा असेल तर पंधरा-वीस मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवा, मेण ठिसूळ होऊन हलक्या टिचकीनं सुटतं, राहिलेलं स्पिरिटमध्ये विरघळतं. फक्त पॉलिश करताना लॅप कोरडा पडून खडा तापला की मेण सरकतं, तेवढं सांभाळा.

सुपरग्लू, म्हणजे फेविक्विक म्हणा किंवा दुसरं कुठलं, याला उष्णता लागत नाही हा मोठा फायदा. ते हवेतल्या ओलाव्यानं घट्ट होतं, त्यामुळे आपल्याकडच्या पावसाळ्यात सेकंदात धरतं आणि मधोमध करायला वेळच मिळत नाही. सपाट डॉप आणि सपाट खडा असेल तरच घ्या, फट भरायचं काम त्याचं नाही. खड्याची ती बाजू थोडी खरबरीत ठेवा, अ‍ॅसिटोननं पुसा. जोड ठिसूळ असतो, जाड दाण्याच्या लॅपचा धक्का बसला तर खाडकन सुटू शकतो. सोडवायला अ‍ॅसिटोन. दिव्यावर धरून सोडवायला जाऊ नका, वाफ डोळ्यांना फार झोंबते. आणि तेल भरलेला पाचू असेल तर अ‍ॅसिटोन त्याच्या जवळसुद्धा नको, आतलं तेल निघून भेगा दिसायला लागतात.

एपॉक्सी म्हणजे दोन ट्यूबवालं, अ‍ॅराल्डाइटसारखं. कोन डॉप (शंकूसारखा खोलगट), व्ही डॉप (व्ही आकाराची खाच असलेला), जिथं फट आहे तिथं हेच, कारण ते खड्याभोवती भरून बसतं. पाच मिनिटांवालं पटकन धरतं पण मी तरी रात्रभर ठेवतोच, चोवीस तासांवालं उष्णतेला जास्त टिकतं. डिसेंबरात इथं गारठा असला की ते सावकाश घट्ट होतं, मग मी टेबल लॅम्पखाली ठेवतो. काढायला डॉपचा दांडा खड्यापासून लांब आचेवर धरायचा, सैल झालं की ओढायचं नाही, फिरवायचं.

माझी स्वतःची पद्धत आता अशी, पहिल्या बाजूला मेण, दुसऱ्या बाजूला चोवीस तासांवालं एपॉक्सी. ट्रान्सफरला मेणाकडचा डॉप हलका तापवला की मेण आधी मऊ पडतं, एपॉक्सीच्या डॉपला ओला टिश्यू गुंडाळलेला असतो, त्यामुळे तो जोड गारच राहतो. दोन्हीकडं एकच चिकट वापरलं तर दोन्ही एकदम सुटायची भीती.

पण उष्णता न सोसणारा खडा असेल तर मेण विसराच. ओपल, फ्लोराइट, आणि आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणात सापडणारा अ‍ॅपोफिलाइट. याची कठीणता जेमतेम साडेचार ते पाच, एका दिशेनं सरळ चिरतो, आणि घडणीतच पाणी असतं. मी एक दिव्यावर ठेवला होता, टच् असा बारीक आवाज आला आणि आत चंदेरी पापुद्रा दिसायला लागला, संपला खडा. अशांना पहिल्या बाजूला सुपरग्लू, दुसरीला सावकाश एपॉक्सी, आणि ट्रान्सफरला कापसाच्या बोळ्यानं फक्त सुपरग्लूच्या जोडावर अ‍ॅसिटोन सोडत राहायचं. बरणीत बुडवू नका, अ‍ॅसिटोन एपॉक्सीलाही हळूहळू मऊ करतं, पाच मिनिटांवाल्याला तर लवकरच. अर्धा-पाऊण तास जातो, बोळा वाळू द्यायचा नाही, आणि खिडकी उघडी ठेवून दिवा शेजारच्या खोलीत.