व्हॅनिला साखर घरी करायची तर कोणत्या पद्धतीने?

व्हॅनिलाची एक शेंग घेताना मन दोनदा विचार करतंच, कारण तेवढ्या पैशांत इसेन्सच्या एकाहून अधिक छोट्या बाटल्या येतात. म्हणून शेंग घ्यायच्या आधी एक गोष्ट ठरवा: ही साखर शेवटी जाणार कुठे? ओव्हनमध्ये, थंड दुधात, की कुणाच्या घरी भेट म्हणून? बहुतेक पाककृती एकच पद्धत सांगून मोकळ्या होतात. पण या तीन ठिकाणांसाठी तीन वेगळ्या पद्धती योग्य ठरतात, आणि त्यातल्या एका ठिकाणी तर शेंगेची गरजच नाही.

घरी करायचे मार्ग चार आहेत. शेंग उभी चिरून साखरेत पुरायची आणि वाट बघायची. अख्खी शेंग साखरेबरोबर मिक्सरमधून काढायची. कस्टर्डात किंवा आइस्क्रीमच्या दुधात उकळून झालेल्या शेंगेचं साल साखरेत टाकायचं. किंवा साखरेला व्हॅनिलाचा अर्क (शेंगा मद्यार्कात मुरवून काढलेला, इसेन्स नव्हे) चोळायचा. पाचवा मार्ग दुकानातून तयार पाकीट आणण्याचा.

आधी ओव्हनचा निकाल लावू. शेंगेत व्हॅनिलिन हा मुख्य सुगंधी पदार्थ वजनाच्या साधारण १ ते २ टक्के असतो. त्याच्या जोडीला इतर दोनशेहून अधिक सुगंधी घटक अगदी थोड्या प्रमाणात असतात. शेंगेच्या वासात जो फुलांचा, सुक्या मेव्याचा, किंचित धुरकट भास होतो तो या घटकांमुळे. इसेन्समध्ये असतं ते मुख्यतः एकटं व्हॅनिलिन. ते १८५८ साली गोब्ले या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने शेंगेतून वेगळं काढलं आणि १८७४ साली टीमान व हारमान या जर्मन रसायनतज्ज्ञांनी पाइनच्या झाडात सापडणाऱ्या एका द्रव्यापासून प्रयोगशाळेत बनवलं. रेणू दोन्हीकडे तोच, त्यामुळे इसेन्सला नाकं मुरडायचं कारण नाही. फक्त त्याचा सूर एकच असतो.

आता भट्टीत काय होतं ते पाहा. १७०–१८० अंशांवर वीस-पंचवीस मिनिटं राहिलेल्या नानकटाईतून किंवा केकमधून ते नाजूक घटक बरेचसे उडून जातात. मागे उरतं ते मुख्यतः व्हॅनिलिन, म्हणजे इसेन्समध्ये होतं तेच. त्यात कोको, कॉफी किंवा भाजलेलं तूप असेल तर फरक ओळखणं जवळजवळ अशक्य. चॉकलेट केकसाठी, नानकटाईसाठी, बिस्किटांसाठी शेंगेची साखर खर्ची घालू नका. माझं मत याबाबतीत पक्कं आहे.

ही शेंग वाया घालवू नये असं वाटण्यामागे तिचा जन्मही आहे. व्हॅनिला ही मूळची मेक्सिकोतली ऑर्किडची वेल. तिचं फूल सकाळी उमलतं आणि त्याच दिवशी मिटतं. मेक्सिकोबाहेर ते आपोआप फळत नव्हतं. हिंदी महासागरातल्या बूरबाँ बेटावर (आजचं रेयुनियाँ) १८४१ साली एडमाँ आल्बियुस या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने काडी आणि अंगठा वापरून परागीभवन करण्याची युक्ती शोधली. आजही जगभरच्या मळ्यांत जवळजवळ प्रत्येक फूल असंच हाताने फळवलं जातं. पुढे शेंग वेलीवर आठ-नऊ महिने पिकते आणि तरीही हिरव्या शेंगेला तो वास नसतो. गरम पाण्यात बुडवणं, गुंडाळून घामेजत ठेवणं, उन्हात आणि मग सावलीत वाळवणं, पेटीत मुरवणं असे काही महिने गेल्यावर तो येतो. पाच-सहा किलो हिरव्या शेंगांतून एक किलो तयार माल निघतो. जगातला बराचसा माल मादागास्करमधून येतो. तिथे चक्रीवादळ आलं की भाव कडाडतात. अशाच तेजीच्या काळात, २००३-०४ च्या सुमारास, केरळ-कर्नाटकातल्या असंख्य शेतकऱ्यांनी व्हॅनिला लावली आणि नंतर भाव कोसळल्यावर अनेकांनी वेली उपटून टाकल्या. गोव्यात फोंड्याजवळच्या मसाल्याच्या बागांत फिरायला गेलात तर झाडाला बिलगलेली ही वेल आजही दाखवतात.

पुरलेली साखर की वाटलेली साखर?

खरी निवड या दोघींत आहे, म्हणून इथे थोडं थांबू.

पुरण्याची पद्धत सोपी. एक शेंग, साधारण ३–४ ग्रॅमची, उभी चिरायची. सुरीच्या बोथट बाजूने आतला काळा गर खरवडून तो २०० ते २५० ग्रॅम साखरेत बोटांनी चोळायचा. साल त्याच साखरेत खोचून घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवायचं. दोन आठवड्यांत वास येतो, चार आठवड्यांत तो साखरभर बसतो. आठवड्यातून एकदा बरणी हलवावी. ही साखर दिसायला देखणी असते, चव सौम्य असते, आणि सालात दम उरलेला असतो. वापरलेल्या साखरेच्या जागी नवी साखर घालत राहिलात तर काही महिने ती बरणी चालते.

वाटण्याच्या पद्धतीत अख्खी शेंग बारीक तुकडे करून साखरेबरोबर मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात फिरवायची आणि मैद्याच्या चाळणीतून काढायची. वास फक्त काळ्या बियांत नसतो. बियांभोवतीच्या चिकट गरात आणि सालातही तो भरपूर असतो. त्यामुळे वाटलेल्या साखरेत शेंगेचं सगळं उतरतं आणि ती त्याच दिवशी वापरता येते. रंग मात्र करडा होतो आणि चाळणीत सालाचे रेषे उरतात. ते फेकू नका, दूध उकळताना टाका. एक अडचण आहे. मऊ, चकचकीत शेंगेत एक चतुर्थांशाच्या आसपास पाणी असतं, त्यामुळे ती वाटली जाण्याऐवजी पात्याला चिकटते आणि साखरेचा गोळा होतो.

त्यावर उपाय दोन्ही पद्धती जोडण्याचा, आणि घरच्या वापरासाठी मी तोच सुचवेन. आधी शेंग दोन-तीन आठवडे साखरेत पुरून ठेवा. साखर तिच्यातलं पाणी ओढून घेते, शेंग कडक होते, आणि मग ती त्याच साखरेबरोबर थांबत थांबत फिरवली की छान भुकटी होते. सलग फिरवलं तर भांडं तापतं आणि वास तिथेच उडतो. शेंग उन्हात वाळवायचा मोह टाळा, त्यातही वास जातो.

प्रमाणाबद्दल एक हिशेब सांगते, कारण इथेच लोकांची निराशा होते. 'एक लहान चमचा अर्काऐवजी एक मोठा चमचा व्हॅनिला साखर' असा नियम सर्रास लिहिलेला दिसतो. अमेरिकी मानकाच्या अर्कात लिटरमागे साधारण १०० ग्रॅम शेंगा असतात, म्हणजे ५ मिलीच्या लहान चमच्यात अर्धा ग्रॅम शेंग. चार ग्रॅमची एक शेंग २५० ग्रॅम साखरेत वाटली, तर १२ ग्रॅमच्या मोठ्या चमच्यात शेंग येते जेमतेम ०.२ ग्रॅम. बरोबरी करायला अडीच मोठे चमचे लागतील. म्हणून स्वयंपाकासाठी साखर करत असाल तर एका शेंगेला १०० ग्रॅमच साखर घ्या, मग तो नियम खरा ठरतो. ही झाली मसाल्यासारखी वापरायची साखर. २५० ग्रॅमची सौम्य साखर मात्र साखरेच्याच जागी वापरायची: कॉफीत, फेटलेल्या क्रीममध्ये, स्ट्रॉबेरीवर, फ्रूट सॅलडमध्ये, पॅनकेकवर भुरभुरायला. कस्टर्ड किंवा आइस्क्रीमच्या मिश्रणात ती गॅस बंद केल्यावर घालावी. दुधातल्या स्निग्धांशात हा वास फार छान धरतो.

साखर कोणती? आपल्याकडच्या जाड दाण्याच्या साखरेत खरवडलेल्या बिया टिकत नाहीत, सगळ्या बरणीच्या तळाशी जमतात. बारीक दाण्याची मिळाली तर ती घ्या, नाहीतर जाड साखर मिक्सरमध्ये दोन झटके देऊन अर्धी बारीक करा. दुकानातल्या पिठीसाखरेत पुष्कळदा कॉर्नफ्लोअर मिसळलेलं असतं, ते पाकिटावर वाचून घ्या. गूळ आणि खांडसरीला स्वतःचा वास इतका असतो की व्हॅनिला त्यात हरवते.

शेंगेतही दोन प्रती मिळतात. मऊ, तेलकट, जाडसर शेंग महाग असते आणि खरवडायला चांगली. किंचित सुकलेली, बारीक, अर्क काढायला म्हणून विकली जाणारी शेंग स्वस्त पडते, आणि वाटायच्या साखरेसाठी तीच बरी, कारण त्यात पाणी कमी. शेंगेवर कधी बारीक चमकदार पांढऱ्या सुया दिसतात. ते व्हॅनिलिनचे स्फटिक, चांगलं लक्षण आहे. कापसासारखी लव आणि कुबट वास असेल तर ती बुरशी. अशी शेंग घेऊ नका.

उरलेले मार्ग

वापरलेल्या सालाची पद्धत मला फार आवडते. वेलचीचे दाणे काढून झाले की सालं साखरेच्या किंवा चहाच्या डब्यात टाकायची आपल्या घरांतली रीत हीच तर आहे. फक्त दुधात उकळलेलं साल वाहत्या पाण्याखाली नीट धुवा आणि पंख्याखाली दोन-तीन दिवस कोरडं ठणठणीत करा. दुधाचा अंश राहिला तर बुरशी येते. चव हलकीच येते. रोजच्या कॉफीला पुरते, भेट द्यायला नाही.

अर्क चोळलेली साखर लवकर होते, पण ओलसर होते, ताटात पसरून वाळवावी लागते आणि वाळताना वासही थोडा जातो. शिवाय खऱ्या अर्कात किमान ३५ टक्के मद्यार्क असतो. ज्यांच्या घरी तो चालत नाही त्यांना शेंगेचीच साखर द्यावी. इसेन्स साखरेला चोळण्यात तर काहीच हशील नाही. इसेन्स वापरायचंच असेल तर ते सरळ पदार्थात घाला.

तयार पाकिटावर 'आर्टिफिशियल' किंवा 'नेचर आयडेंटिकल' हे शब्द आहेत का ते बघा; असतील तर वास शेंगेचा नाही, बनवलेला आहे. काळे ठिपके दिसले म्हणून खरी व्हॅनिला समजू नका. अर्क काढून झालेल्या, वास गेलेल्या शेंगांच्या बियाही केवळ दिसण्यासाठी घालतात. जर्मनीत ही साखर आठ-आठ ग्रॅमच्या पाकिटांत मिळते आणि तिथे शेंगेची साखर वेगळी, व्हॅनिलिनची वेगळी अशी नावंच छापलेली असतात. जर्मन पाककृतीत 'एक पाकीट' लिहिलेलं असेल तर आपले दोन लहान चमचे समजावेत.

भेट द्यायची तर

भेटीसाठी मात्र शेंग मिक्सरमध्ये वाटू नका. पुरलेली साखरच द्या, शेंग आत दिसू दे. दोनशे ग्रॅमच्या बरणीला एक शेंग, किंवा एका शेंगेचे दोन तुकडे करून सव्वाशे ग्रॅमच्या दोन बरण्या. दिवाळीसाठी घटस्थापनेला सुरुवात करा. लक्ष्मीपूजनापर्यंत बरोबर चार आठवडे मिळतात आणि तोवर हवेतली ओलही कमी झालेली असते. मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर ही साखर करायची असेल तर रबरी कडीच्या झाकणाची बरणीच हवी, नाहीतर आठवड्यात ढेप होते. नाताळच्या भेटींसाठी नोव्हेंबरच्या शेवटाला केली तरी चालते. बरणीवर चिठ्ठी लावा: केल्याची तारीख, 'शेंग काढू नका, साखर संपत आली की नवी घाला', आणि 'वर्षभरात वापरा'. साखर खराब होत नाही, पण वास ओसरतो.

आणि ज्यांना द्यायची ते घर कसं आहे याचा विचार करा. जिथे मुलं आहेत, कस्टर्ड, मिल्कशेक, घरचं आइस्क्रीम होतं, तिथे व्हॅनिला साखरेची बरणी महिन्याभरात रिकामी होते. जिथे गोड म्हणजे श्रीखंड, बासुंदी, शिरा, तिथे ती फडताळात मागे सरकत जाते. अशा घरी वेलची-साखर द्या. दोनशे ग्रॅम साखरेत बारा-पंधरा हिरव्या वेलच्यांचे दाणे वाटायचे, हवं तर चिमूटभर जायफळ घालायचं. दहा मिनिटांत होते, खर्च कमी, आणि चहापासून पुरणापर्यंत सगळीकडे चालते. परदेशातल्या नातेवाइकांनाही, विशेषतः जर्मनीत असतील तर, मी वेलचीचीच पाठवेन. व्हॅनिला साखर त्यांना कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते, ताज्या वाटलेल्या वेलचीची मिळणं कठीण.

दोन्हीपैकी काय द्यावं ठरत नसेल तर छोट्या दोन बरण्यांची जोडी करा. फक्त त्या एकाच खोक्यात जास्त दिवस ठेवू नका. वेलचीचा वास सैल झाकणातूनही बाहेर येतो आणि व्हॅनिलाला झाकून टाकतो.