गाडी कोणी शिकवावी : पालकांनी की ड्रायव्हिंग स्कूलने?

मुलीला गाडी स्वतः शिकवावी की ड्रायव्हिंग स्कूलमध्ये पाठवावे, असा पेच एका मैत्रिणीने मांडला.

खर्चाचे उत्तर सोपे आहे : घरी शिकवल्यास फी वाचते, पण इंधन आणि वेळ आपलाच जातो. सुरक्षिततेचा विचार अधिक बारकाईने करावा लागतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. प्रशिक्षकाच्या पायाशी बहुधा स्वतंत्र ब्रेक असतो. शेजारी बसलेल्या आईवडिलांच्या हाती मात्र फारसे काही नसते, आणि घाबरून चढलेला त्यांचा आवाज शिकणाऱ्याला आणखी गोंधळवतो. शिवाय इंडिकेटर न देता वळण्यासारख्या आपल्या सवयीही मुले नकळत उचलतात.

सरावात मात्र पालकच सरस ठरतात, कारण रात्र, पाऊस, गर्दी यांचा अनुभव ठरावीक तासांत मिळेलच असे नाही.

ज्यांच्या घरी स्टिअरिंग हाती येताच वाद पेटतो, त्यांनी प्रशिक्षकच गाठावा. मूल गाडी सफाईने चालवू लागले असून केवळ आत्मविश्वास कमी पडत असेल, तर पालकांनी शेजारी बसावे. अगदी नवशिक्याला मी आधी स्कूलमध्येच पाठवीन.