शंभर टक्के रेटिंगवाल्याकडून आलेले खोटे रुपिये

मडगावच्या एका संग्राहकाने ऑनलाइन लिलावात 1881 चे पाच चांदीचे रुपिये, म्हणजे पोर्तुगीज गोव्यातले रुपये, 12,500 रुपयांना घेतले. विक्रेत्याच्या नावापुढे 340 गुण होते आणि शेरे शंभर टक्के चांगले. घरी आली ती पाचही नाणी ओतीव नकला निघाली, आणि पैसे बुडाले ते बुडालेच. पोर्तुगीज आमदानीतली नाणी, नोटा, टपाल तिकिटं जमवणारे गोव्यात पुष्कळ आहेत. त्यांच्यापैकी आणखी कुणावर ही पाळी येऊ नये म्हणून हे सविस्तर लिहीत आहोत.

ते 340 गुण खरेच होते, हे आधी लक्षात घ्या. मात्र त्यातले दोनशेच्या आसपास गुण विक्रेता म्हणून मिळालेलेच नव्हते. दहा-वीस रुपयांची वस्तू विकत घ्यायची आणि त्याच दिवशी पैसे टाकायचे. समोरचा खूश होऊन 'झटपट पेमेंट, उत्तम ग्राहक' असं लिहितो आणि एक गुण पदरात पडतो. बऱ्याच साइटवर खरेदीचे आणि विक्रीचे गुण एकाच आकड्यात मिसळतात. उरलेले गुण विक्रीचे होते, पण विकलं होतं काय? चलनातून गेलेली पैशांची नाणी आणि सुटी तिकिटं, नग पाच-दहा रुपयांना. चांदीचं नाणं एकही नाही. त्यानंतर खातं आठ महिने गप्प, आणि मग एकाच आठवड्यात नऊ महागडे लॉट, म्हणजे एकत्र लिलावाला काढलेला माल. हे सगळं त्याच्या फीडबॅकच्या पानावर उघड दिसत होतं. फक्त आकड्यावर बोट दाबून आतली यादी वाचायला हवी होती.

ईबे या लिलावाच्या साइटने 1996 मध्ये ही पद्धत आणली तेव्हापासून हिशेब असा आहे: चांगल्या शेऱ्याला +1, मध्यमला 0, वाईटाला −1. पुढे इतरांनीही थोड्याफार फरकाने तोच उचलला. यात दहा रुपयांच्या सौद्याला आणि दहा हजारांच्या सौद्याला वजन सारखंच, आणि फसवणारा नेमका याचाच फायदा घेतो. त्या नऊ लॉटपैकी सहा जणांनी पुढे लाल, म्हणजे वाईट, शेरा दिला, तरी 340 चांगले आणि 6 वाईट मिळून खात्याची टक्केवारी 98.3 दिसत होती. महाग माल घेतलेल्या नवांपैकी सहा फसले, हे त्या टक्केवारीत कुठेच दिसत नाही.

दुसरा घोळ वेळेचा. लिलाव सात दिवस चालतो, पार्सल यायला आणखी आठवडा, नाणं तपासून घ्यायला चार-पाच दिवस. म्हणजे पहिला लाल शेरा पडेपर्यंत तीन आठवडे जातात आणि तोवर सगळे लॉट विकून झालेले असतात. म्हणून गप्प पडलेलं खातं अचानक जागं होऊन महाग माल काढू लागलं, तर जुने शेरे कितीही गोड असले तरी महिनाभर थांबावं.

अशा गुणांसाठी माणूस एवढी खटपट का करतो? संशोधक पॉल रेझनिक आणि सहकाऱ्यांनी ईबेवर जुन्या पोस्टकार्डांचा एक प्रयोग केला होता, तो 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. एकाच विक्रेत्याने सारखाच माल आपल्या जुन्या नावाजलेल्या खात्यावरून आणि नव्या कोऱ्या खात्यांवरून विकला. जुन्या खात्याला खरेदीदार सरासरी 8.1 टक्के जास्त द्यायला तयार होते. रेटिंगला बाजारात रोख किंमत आहे, म्हणूनच तयार खाती विकत घेतली जातात किंवा पासवर्ड चोरून बळकावली जातात.

आता पार्सल आल्यानंतरचं. विक्रेत्याचा लगेच फोन आला: 'दादा, माल पोचला ना? पाच स्टार टाका, आमचं पोट यावरच आहे.' संग्राहकाने पाकीट पुरतं उघडण्याआधीच स्टार दिले. शंका आल्यावर विचारलं तर उत्तर मिळालं, 'घाई कशाला, चवथ (गणेशचतुर्थी) होऊ दे, मग परत घेतो.' चवथ झाली, मग कुरियर बंद, मग घरात आजारपण. तक्रारीची 30 दिवसांची मुदत टळली आणि फोन लागेनासा झाला. मुदत पार्सल पोचल्याच्या तारखेपासून मोजतात, बोलणी चालू असली म्हणून ती थांबत नाही. बोलणी एकीकडे चालू द्या, पण तक्रार साइटवर त्याच दिवशी नोंदवा. 'शेरा बदला, पाचशे परत करतो' असं कुणी म्हणालं तर ते साइटच्या मेसेजमध्येच लिहायला लावा, तोच पुरावा होतो.

नाण्याची तपासणी घरीच होते. 1881 चा रुपिया ब्रिटिश हिंदुस्थानच्या रुपयाच्या मापाचा: 11.66 ग्रॅम, चांदी 91.7 टक्के. वापराने थोडा झिजतो, पण दोन ग्रॅम कमी भरला तर खरा नाही. 0.01 ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या. त्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणा. नाणं दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही असं धरा. चांदीचं असेल तर काटा 1.13 च्या आसपास दाखवतो, त्याच वजनाचं तांबं-निकेलचं असेल तर 1.3 च्या. लोहचुंबकावर विसंबू नका, पितळही चुंबकाला चिकटत नाही. भिंगातून कड बघा. ओतीव नाण्याच्या कडेला जोडाची रेघ असते, दाते बोथट असतात आणि सपाट भागावर सुईच्या टोकाएवढे खड्डे दिसतात. पाचही नाण्यांवर एकाच जागी एकच ओरखडा असेल तर ती एकाच साच्यातली आहेत. मडगावच्या लॉटमध्ये तसंच होतं.

बोली लावण्याआधी फोटो गूगल लेन्समध्ये टाका. हाच फोटो दुसऱ्या लिलावाच्या कॅटलॉगमध्ये सापडला, तर वजनकाट्यावर ठेवलेल्या नाण्याचा आणि कडेचा ताजा फोटो मागा. बोलींचा इतिहासही उघडा. शून्य-एक गुणाचं खातं, त्याच्या सगळ्या बोल्या याच विक्रेत्याच्या मालावर, आणि शेवटच्या क्षणी ते मागे सरतं: असं दिसलं की भाव फुगवायला आपलाच माणूस बसवला आहे असं समजा. बोली हरल्यावर 'जिंकणाऱ्याने माघार घेतली, तुम्हाला देतो, यूपीआय करा' असा व्हॉट्सअ‍ॅप आला तर पैसे टाकू नका. साइटबाहेर पैसे गेले की साइटची हमी संपते.

विकणाऱ्यांनाही सांगायला हवं. खरेदीदार खरं नाणं ठेवून नक्कल परत पाठवतो, असंही घडतं. पाठवण्याआधी वजन, कड आणि एखादी ठळक खूण दाखवणारा व्हिडिओ काढून ठेवा. ईबेवर 2008 पासून विक्रेत्याला खरेदीदाराविरुद्ध वाईट शेरा देता येत नाही, कारण त्याआधी लाल शेऱ्याला लाल शेऱ्याने उत्तर देण्याची धमकी चालायची. त्यामुळे तिथे खरेदीदाराच्या स्वच्छ खात्यावरून विक्रेत्याला फारसं कळत नाही. आणि आजीच्या पेटीतलं नाणं शंभर वर्षांहून जुनं असेल तर ते परदेशी खरेदीदाराला पाठवू नका. 1972 च्या पुरावस्तू कायद्यात ते बसतं.

पैसे गेलेच तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर त्याच तासात फोन करा, रक्कम पुढे सरकण्याआधी गोठवता येण्याची शक्यता तेव्हाच असते. ग्राहक हेल्पलाइन 1915. ग्राहक आयोगाकडे तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यातही करता येते, मुदत दोन वर्षं.

आणि लाल शेरा जरूर द्या, पण 'चोर', 'फ्रॉड' असं लिहू नका. शिवीगाळ म्हणून साइट तो काढून टाकू शकते. असं लिहा: 'पाच नाणी, वजन 9.4 ते 9.8 ग्रॅम, खरं 11.66, कडेला जोड, पाचहीवर एकच ओरखडा, परतावा नाकारला.'