नवीन ब्रेक ऑइल फक्त डबीतच होतं

बेळगावात असो की निपाणीत, गाडी गॅरेजला टाकून नंतर नुसतं बिल भरून आणणाऱ्या प्रत्येकाने हे वाचावं. पैसे गेले त्याचं एवढं नाही, जीव जायचा होता.

एप्रिलमध्ये गोव्याला निघायचं होतं. चोर्ला घाट उतरायचा म्हणून आदल्या आठवड्यात मुद्दाम ब्रेक ऑइल बदलून घेतलं. बिलावर लिहिलेलं: ब्रेक ऑइल १ लिटर, चारी चाकांचं ब्लीडिंग (म्हणजे प्रत्येक चाकापाशी पाइपातलं जुनं तेल काढून टाकणं), १,६५० रुपये. मेस्त्रीने बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची डबी दाखवली. आत फिकट पिवळं, स्वच्छ तेल. मी पैसे दिले.

जांबोटी, कणकुंबी मागे पडलं, उतार लागला आणि थोड्या वेळात पेडल मऊ पडलं. पाय तळाला टेकला तरी गाडी पळतेच. मागच्या सीटवर सासूबाई. दुसऱ्या गिअरवर आणून हँडब्रेक थोडा थोडा ओढत कडेला घेतली. अर्ध्या तासाने चाकं निवली तसं पेडल परत वर आलं.

घरी आल्यावर खानापूरहून मेव्हण्याला बोलावलं. आम्ही दोघांनी हे काम आधी कधी केलं नव्हतं. गाडी जॅकवर घेतली, खाली स्टँड लावले आणि मागचं डावं चाक काढलं, कारण डबीपासून सगळ्यात लांब तेच. निपलची, म्हणजे जिथून जुनं तेल काढतात त्या छोट्या तोटीची, रबरी टोपी गेल्या पावसाळ्यातल्या लाल चिखलात अजून घट्ट बसलेली. खाली गंजाचा अखंड थर, पाना लागल्याची एक खूण नाही.

"दाजी, ह्याला कुणी हातच लावला नाही," मेव्हणा म्हणाला.

निपलला पारदर्शक नळी लावून तिचं टोक बाटलीतल्या तेलात बुडवलं. बायको पेडलवर. "दाब... धर!" म्हटलं की मी निपल सोडायचो, आवळून झाल्यावरच तिने पाय उचलायचा. नळीतून कोऱ्या चहासारखं काळपट तेल आलं. चारी चाकांना तेच.

म्हणजे डबीतलं तेल सिरिंजने ओढून वर नवं ओतलं, झालं काम! पाइपातलं जुनं तसंच. हे तेल हवेतलं पाणी शोषतं, आणि आपल्याकडचा पावसाळा तर माहीतच आहे. डॉट ३ (ब्रेक ऑइलचा एक प्रकार) नवं असताना २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी धरलेलं १४० लाच उकळू शकतं. घाटात ब्रेक तापले की वाफ होते, पेडल ती वाफच दाबत बसतं.

घरी करणार असाल तर डबीवर सतत नजर ठेवा, ती रिकामी झाली की लाइनमध्ये हवा शिरते. रंगावर थेंब पडला तर लगेच पाण्याने धुवा. झाकणावर डॉट ३ की ४ लिहिलेलं असतं, तेच घाला. पेडल कडक लागेपर्यंत गाडी गल्लीबाहेर काढू नका. गॅरेजला देणार असाल तर तिथे उभे राहा आणि चारी निपलमधून निघालेलं जुनं तेल बाटलीत मागा.

आमची काळ्या तेलाची बाटली मी त्या गॅरेजमालकाच्या टेबलावर ठेवली. "सगळे असंच करतात," म्हणाला आणि ५०० रुपये पुढे केले. मी घेतले नाहीत. बिल आणि निपलचे फोटो जपून ठेवलेत, ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवली आहे.