आरशामागचा सेन्सर: पीआयआर ठेवावा की रडार बसवावा?

स्मार्ट आरसा (काचेमागे स्क्रीन असलेला) समोर उभं राहूनही जागा होत नसेल, तर आधी एवढंच बघा: सेन्सर काचेच्या मागे आहे का?

माझा होता. टेबलावर हात हलवला की लगेच सिग्नल, फ्रेममध्ये बसवला की मुका. दोन संध्याकाळी मी कोड चाळला, पण दोष तिथे नव्हताच. एचसी-एसआर५०१सारखा पीआयआर, म्हणजे हालचाल ओळखणारा सेन्सर, अंगाची उष्णता टिपतो, म्हणजे साधारण ८ ते १४ मायक्रॉनचे अवरक्त किरण. साधी काच नेमके तेच अडवते. संवेदनशीलतेचा स्क्रू कितीही फिरवा, उपयोग शून्य.

फ्रेमला भोक पाडून पांढरा घुमट बाहेर काढता येत असेल, तर पीआयआरच ठेवा. भिंतीपलीकडचं त्याला दिसत नाही, आणि आरशासाठी हा मोठा गुण आहे. वीज दिल्यावर पहिलं मिनिटभर तो उगाच ट्रिगर होतो, तेवढं थांबा. वाय-फाय अँटेना आणि आरसा चालवणाऱ्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाची गरम हवा यांपासून लांब बसवा. उणीव एकच, पण खरी: दाढी करताना माणूस स्थिर उभा राहिला की त्याच्या लेखी समोर कुणीच नसतं. म्हणून स्क्रीन किती वेळ चालू ठेवायची ते प्रोग्रॅममध्ये ठरवा.

भोक नकोच असेल तर रडार, म्हणजे रेडिओ लहरींनी हालचाल ओळखणारा सेन्सर. आरसीडब्ल्यूएल-०५१६ काचेतून बघतो, पण पातळ भिंतीतूनही बघतो; शेजारच्या खोलीत कुणी फिरलं तरी आरसा उजळू शकतो. मी तो घेणार नाही. २४ गिगाहर्ट्झचा एलडी२४१० बराच शहाणा: स्थिर माणूसही ओळखतो आणि ०.७५ मीटरच्या टप्प्यांत अंतराची मर्यादा घालू देतो. मात्र आरशावर धातूचा लेप असेल तर त्याचीही नजर मंदावते. फ्रेम चिकटवण्याआधी आरसा समोर धरून चाचणी घ्या.

काहीही विकत घेण्याआधी मल्टिमीटर लावा. एक टोक आउट पिनला, दुसरं ग्राउंडला. हालचाल झाली की पीआयआरचा आकडा शून्यावरून ३.३ व्होल्टच्या आसपास उडी मारतो. काचेमागेही तो उडत असेल आणि स्क्रीन तरी काळीच, तर सेन्सर बदलून काही होणार नाही. रास्पबेरी पायवरच्या ज्या जीपीआयओ पिनला सेन्सर जोडलाय तिचा क्रमांक तपासा, आणि स्क्रीन चालू करणारी कमांड हाताने चालवून बघा. रास्पबेरी पायच्या नव्या ओएसवर जुनी कमांड चालत नाही.

मी शेवटी खालच्या पट्टीत २३ मिलिमीटरचं भोक पाडलं.